लाल दोऱ्याची गोळी

धारूर,
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

चि. वर्षाराणीस,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझी मामी बरी आहे, तिनं तुझ्यासाठी शेवया दिल्या आहेत. पावसानं यंदा कापूस आडवा केला, त्यामुळं ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीची वाट न बघताच निघतील असं दिसतं. तू माझा फोन उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. म्हणून हे पत्र तुझ्या भावाच्या, प्रविणच्या हाती देतोय. फाडायचं असेल तर एकदा वाचून फाड.

वर्षा, तू आणि मी दोघंही कोयत्याच्या घरातले. आपल्या लोकांच्या हातावर गोळी टाकताना कोणी दोन शब्द सांगत नाही, ही तुझी आणि माझी एकच तक्रार होती. चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही. विचारायला थांबलं तर मागची रांग ओरडते. टोळी एकदा ऊसतोडीला गेली की दवाखाना तीन-चार कोसांवर, आणि एक दिवस झोपून राहिलेल्या बाईला मुकादम विचारतो, काय गं, नवरी झालीस का. त्या बाईसाठी मी तीस वर्षं माईक धरला. कोणत्याही पक्षाला भ्यालो नाही, कारखान्याला भ्यालो नाही, तिच्या घामाला किंमत मिळेपर्यंत

बघ, पत्रातही भाषण सुरू झालं. ते वाक्य तसंच अर्धं सोडतो.

तुला ठाऊक असलेलंही लिहितो, कारण मधूनच सुरुवात केली तर मी सोयीचं तेवढंच सांगेन. गेल्या वर्षीचा औषधाचा डबा याच रागातून निघाला. प्रत्येक टोळीला एक पत्र्याचा डबा, असे चाळीस. आपल्या बहुतेक बायकांना अक्षरओळख नाही, म्हणून गोळ्यांच्या पाकिटांना रंगीत दोरे बांधायची युक्ती माझी. तापाला पांढरा, जुलाबाला पिवळा, अंगदुखीला लाल. तुझी मामी आणि मी ओसरीत बसून आठवडाभर दोरे बांधत होतो. घोषणाही मीच केली: लाल दोरा सोडा, दुखणं मोडा. मोळी डोक्यावर घेताना बायका ती म्हणायच्या असं बिभीषण मुकादमानं सांगितलं, तेव्हा मी दोन दिवस हवेत होतो.

तेलगावच्या शाळेच्या पटांगणात डबे वाटले, त्या दिवशी तू धर्मापुरीच्या दवाखान्यातून रजा टाकून आलीस. मी बोलत असताना मधेच उभी राहिलीस. तुझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

"मामा, एक मिनिट. ज्यांना बीपीची गोळी चालू आहे त्यांनी लाल दोऱ्याची..."

पुढचं मी होऊ दिलं नाही.

"ही आमची भाची," मी माईकमध्ये म्हणालो. "औषधाच्या खिडकीमागं बसून बसून हिला खिडकीएवढंच आभाळ दिसायलंय."

लोक हसले. बिभीषण मागून ओरडला, "ताई, तुमच्यात चिठ्ठी दाखवल्याबिगर बोलायला पण देत न्हाईत का?" परत हसले. मी म्हणालो, "बस खाली, पोरी." पहिल्या रांगेत भिवराअक्का, माझी थोरली बहीण, तुझी आई, तोंडाला पदर लावून हसत होती. भावाचं भाषण रंगलं म्हणून हसत होती, तिला दुसरं काय कळणार होतं. तू तिच्याकडं बघितलंस आणि बसलीस.

घरी आल्यावर मी ते खिडकीचं वाक्य तुझ्या मामीला दोनदा म्हणून दाखवलं.

आता तुला माहीत नसलेलं.

लाल दोऱ्याच्या गोळीची चिठ्ठी माझी होती. माझा गुडघा सुजला होता तेव्हा एका डॉक्टरांनी मला लिहून दिलेली. तीच चिठ्ठी मी दुकानात दाखवली आणि चाळीस डब्यांपुरत्या गोळ्या मागवल्या. दुकानदार ओळखीचा, त्यानं एवढ्या कशाला म्हणून विचारलं नाही. त्या चिठ्ठीवरचं अक्षर मला चांगलं लागत होतं. 'जेवणानंतर, पाच दिवस.' जेवणानंतर हे मी सगळ्या सभांत सांगितलं. पाच दिवस हे कुठंच सांगितलं नाही. हंगाम पाच महिन्यांचा, मग पाच दिवसांची गोळी डब्यात कशी ठेवायची, असा प्रश्न कुणीतरी विचारला असता. तो मी स्वतःलाही विचारला नाही.

घरात माझी दोन कपाटं पुस्तकांची. वाचा म्हणून मी गावोगाव ओरडत फिरलो. गोळ्यांच्या प्रत्येक खोक्यात बारीक अक्षराचा घडीचा कागद असतो. दोरे बांधताना ते कागद मधे मधे येत होते, म्हणून आम्ही ते काढले आणि चुलीत घातले. आता एक मिळवला आणि भिंग लावून वाचला. त्यात सगळं आहे. ही गोळी कमीत कमी दिवस घ्या. रक्तदाब असेल, किडनीचा त्रास असेल, पोटात जखम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. लघवी वाढवणाऱ्या औषधाबरोबर जपून. अंगातलं पाणी कमी झालं असेल तर जपून. अंगावर सूज आली, लघवी कमी झाली, शौचाला काळी झाली तर थांबवा आणि दवाखाना गाठा. तू त्या दिवशी हेच सांगायला उभी होतीस. फार तर दोन मिनिटं लागली असती.

अक्काची बीपीची गोळी तूच लावून दिलेली. त्या एका गोळीत दोन औषधं असतात, एक रक्तदाब उतरवणारं आणि एक लघवीवाटे पाणी काढणारं, हे मला तिच्या आजारपणात कळलं. आणि उसात बाईमाणूस पाणी पीत नाही. प्यायलं तर जायचं कुठं, चहूकडं गडी. त्या कोरड्या अंगात रोज बीपीची गोळी, आणि वर लाल दोरा. सकाळी एक, गाडी भरून झाल्यावर एक. साडेतीन महिने. घरात तिची पोरगी औषधाचं शिकलेली, पण अक्कानं भावाचं ऐकलं. भाऊ माईकवर बोलतो ना.

यापुढचं वाक्य लिहायला बसून दुपार गेली. मधे मी उठून गोठा झाडून आलो.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अक्काचा मला फोन आला होता. मी माजलगावला एका कार्यक्रमाला गेलो होतो. मंडपात माझं नाव पुकारत होते.

"परसाद, पाय लई सुजल्यात रे," ती म्हणाली. "बोट दाबलं की खड्डा पडायलाय. लघवी पण नीट व्हईना. ही लाल दोऱ्याची गोळी बंद करू का?"

"जेवून घेतेस ना?"

"जेवूनच घेते की."

"मग काही होत नाही. उन्हानं असेल. चालू ठेव."

"बरं. तू म्हणतुस तर."

एवढंच बोलणं. अर्धा मिनिटसुद्धा नसेल. फोन खिशात टाकून मी व्यासपीठावर गेलो आणि दीड तास बोललो. विषय होता, प्रश्न विचारायला शिका.

तिनं प्रश्न विचारला होता, वर्षा. अक्षर न येणाऱ्या माझ्या बहिणीनं बोट दाबून, खड्डा बघून, नेमक्या गोळीवर संशय घेऊन प्रश्न विचारला होता. त्या कागदावर जे छापलंय तेच तिनं न वाचता ओळखलं होतं.

हे तिनं तुला कधी सांगितलं नाही. दवाखान्यात तू तिला म्हणालीस, "आई, पाय सुजल्यावर कुणाला बोलली कावून न्हाईस?" तेव्हा ती माझ्याकडं बघून म्हणाली, "कुणाला बोलू, तिथं कोण हाय." तिनं मला झाकलं. मी झाकू दिलं.

आणखी एक आहे. ते याहून वाईट.

फेब्रुवारीच्या शेवटी बिभीषणनं तिला जीपमधून अंबाजोगाईला आणलं, तेव्हा मी दवाखान्याच्या फाटकाशी उभा होतो. उतरताना तिनं माझ्या हातात एक पाकीट दिलं. "हे संपत आलंय, पिशवीत एकच राहिलंय. आणखी आण." मी ते शर्टाच्या खिशात टाकलं. डॉक्टर वयानं लहान पण मन लावून विचारत होते. "आजी दुखण्याच्या गोळ्या घेत होत्या का? आठवून सांगा. यावर पुढचं सगळं ठरणार आहे." शहादेव दाजी माझ्या तोंडाकडं बघायला लागले. तुझ्या वडिलांना माझ्यापुढं बोलायची सवय नाही, तीही मीच मोडली. मी म्हणालो, "बीपीची एक. बाकी काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. पाकीट खिशातच होतं. लाल दोऱ्याचं टोक बाहेर येत होतं, ते मी बोटानं आत ढकललं.

मला भीती पोलिसांची नव्हती. हे निघालं तर चाळीस टोळ्यांत माझ्या शब्दाला कोण विचारणार, एवढीच भीती होती. बहीण पुढ्यात निजलेली, तोंड सुजून तिचे डोळे बारीक झालेले, आणि मी माझ्या शब्दाची काळजी करत होतो. त्याच दुपारी तिनं पिशवीतून दुसरं पाकीट काढलं आणि कंबर धरून एक गोळी तोंडात टाकली. पाण्याचा तांब्या मी दिला. एका गोळीनं काय होतंय, असं मनाशी म्हणालो.

तुला मी तिसऱ्या दिवशी कळवलं. लगेच कळवलं असतं तर तू आल्या आल्या तिची पिशवी उघडली असतीस, हे मला माहीत होतं. आलीस आणि तेच केलंस. पाकीट डॉक्टरांना नेऊन दाखवलंस, परत आलीस, आणि मला बाजूला घेऊन विचारलंस, "मामा, तुमाला हे माहीत नव्हतं?"

"टोळीत कुणी दिलं असेल," मी म्हणालो.

तू दोऱ्याची गाठ बघत राहिलीस. शाळेत होतीस तेव्हा तुझ्या दप्तराचा बंद तुटला की मी तशीच गाठ मारून द्यायचो. त्या दिवसापासून तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि ते बरोबर केलंस. मी मात्र लोकांना सांगत फिरलो की शिकली की पोरींना नातं जड होतं.

दोनदा डायलिसिस झालं. अक्का घरी आली. किडनीचं काम निम्म्यावर येऊन थांबलंय, पुन्हा दुखण्याची गोळी पोटात गेली तर तेही राहणार नाही, हे डॉक्टरांनी आपल्या सगळ्यांसमोर सांगितलं. मी मान हलवली. ते दोन दिवस वाया गेले नसते तर निम्म्यापेक्षा जास्त वाचलं असतं का, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. तू आता डॉक्टरांना विचार. खिशातल्या पाकिटाचंही सांग.

तू म्हणशील, सात महिने गप्प बसला आणि आज कसं सुचलं. शुक्रवारी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बिभीषणचा फोन आला. "भाऊ, यंदा साठ टोळ्या डबा मागायल्यात. लाल दोरा जरा जास्त टाका." मी बरं म्हणालो आणि तसाच तेलगावला अक्काकडं गेलो. ती अंगणात बसून पोतं शिवत होती. यंदाही टोळीबरोबर जायचं म्हणते. कोयता धरता येत नाही तर भाकरी थापीन म्हणते.

"परसाद, यंदाचा डबा कवा येतुय?" तिनं विचारलं. "आपली वर्षी गोळीला हात लावू देत न्हाई. कंबर लई दुखायलीय. तू म्हणलास तर एकच घेते."

"अक्का, ती गोळी तुला चालत नाही. कधीच घ्यायची नाही."

"मग तवा कावून म्हणलतास चालू ठेव?"

ती रागानं विचारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. मी तिच्या सुईत दोरा ओवून दिला. सुई घेत तीच म्हणाली, "डॉक्टरनं तुला भेडसावलं असंल. तू नको भिऊ."

शेजारची मनिषा तिथंच बसली होती. ती म्हणाली, "आमी तर समद्याच गोळ्या बंद केल्यात, भाऊ. भिवराकाकूंचं बघून." तिला फिट येतात. महिनाभर तिनं फिटची गोळी घेतली नव्हती. प्रविणनं तिला दुसऱ्या दिवशी सकाळीच दवाखान्यात नेलं, ती ठीक आहे. एकीकडं अक्का, मी म्हणालो म्हणून गोळी सोडत नाही. दुसरीकडं मनिषा, अक्काचं झालेलं बघून सोडू नये ती गोळी सोडून बसली. दोघींच्या मधे मी.

घरी येताना मी नवीन भाषण जुळवत होतो. गोळ्यांच्या विरोधात. बसमध्येच दोन घोषणा तयार झाल्या, चांगल्या झाल्या होत्या. धारूरचा घाट चढताना मला ते लक्षात आलं आणि स्वतःची किळस आली. मी उलट्या बाजूनं बोललो तर लोक बीपीच्या, साखरेच्या, फिटच्या सगळ्या गोळ्या ओढ्यात टाकतील. माझ्या बोलण्यात जोर आहे तो एवढाच, सगळ्यांना एका बाजूला ढकलायचा. ही गोळी कुणाला चालते, कुणाला नाही, किती दिवस, कशाबरोबर नाही, काय दिसलं की थांबायचं, आणि कोणती गोळी बरं वाटलं तरी आपल्या मनानं थांबवायची नाही, हे एकेका माणसाकडं बघून सांगावं लागतं. पांढऱ्या दोऱ्याचं तापाचं औषध सर्दीच्या गोळीतही असतं आणि दोन्ही मिळून जास्त होतं, हेसुद्धा मला आत्ता कळलं. हे सांगणं मला येत नाही. ते तुला येतं. त्यालाच मी खिडकीएवढं म्हणालो होतो.

येत्या रविवारी, १२ तारखेला, सकाळी दहाला तेलगावच्या त्याच पटांगणात साठ टोळ्यांची माणसं डब्यासाठी जमणार आहेत. डबे माझ्या घरी कुलपात आहेत आणि तू बघितल्याशिवाय एकही बाहेर निघणार नाही. बिभीषणला तसं सांगितलंय, तो चिडला आहे, चिडू दे. आधी मी उभा राहीन. चिठ्ठीवरचे पाच दिवस, संक्रांतीचा फोन आणि खिशातलं पाकीट, एवढं सांगेन. घोषणा नाही, दाखले नाहीत. अक्का पहिल्या रांगेत असेल. तिच्या 'कावून'चं उत्तर तिला तिथं देईन, म्हणजे पुन्हा भावाच्या शब्दावर ती गोळीला हात लावणार नाही. मग मी तिच्या शेजारी खाली बसेन. लोक हसले तर हसू दे, मला ते ऐकलं पाहिजे.

माफी मागत नाही. ती आधी तुझ्या आईची मागायला हवी. ते पाकीट या पत्रात घातलंय, दोन गोळ्या उरल्यात त्यात. दोरा मी सोडलेला नाही.

रविवारी तेलगावला ये. माईक हातात घे आणि मी जिथं तोडलं होतं तिथून पुढं बोल: ज्यांना बीपीची गोळी चालू आहे त्यांनी लाल दोऱ्याची...

भिवराबाईचा भाऊ,
रामप्रसाद